ज्याला गरज, त्याला लस



 पशुवैद्यकांच्या परिषदेतल्या अध्यक्षीय भाषणात व्यवसायाच्या सगळ्याच प्रश्नांना हात घालण्याचा प्रघात आहे. मी मात्र आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे, कारण तो आपल्या तपासणीच्या टेबलावर रोज येतो. कुत्र्याला दरवर्षी सगळ्या लसी टोचायच्या, की रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी, म्हणजे टायटर, तपासून मग ठरवायचे?

हल्ली हा प्रश्न मालकच विचारतात. "डॉक्टर, मागच्या वर्षी सगळं झालंय. या वर्षी आधी टायटर करून बघू या का?" आपल्यापैकी काहींना यात अविश्वास दिसतो. मला तो दिसत नाही. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे बरेचसे उत्तर शास्त्राने दिलेलेही आहे.

दरवर्षी बूस्टर देण्याची प्रथा आली कुठून? जुन्या लसींना परवाना मिळताना साधारण वर्षभराच्या संरक्षणाचाच पुरावा तपासला जाई. त्यामुळे लेबलावर एक वर्ष आले आणि तेच आपल्या कार्डावर उतरले. वर्ष संपताच प्रतिकारशक्ती संपते, असे कोणी सिद्ध केलेले नव्हते. विस्कॉन्सिन विद्यापीठातले रोनाल्ड शुल्ट्झ 1978 पासून तीन वर्षांच्या अंतराचा आग्रह धरत होते. लस दिलेली कुत्री त्यांनी वर्षानुवर्षे पुन्हा लस न देता सांभाळली आणि मग त्यांना प्रत्यक्ष विषाणूला सामोरे नेले. डिस्टेंपर आणि पार्व्होविरुद्धचे संरक्षण सात वर्षांनंतरही टिकलेले आढळले. अमेरिकेतल्या प्राणी-रुग्णालयांच्या संघटनेने 2003 मध्ये तीन वर्षांच्या अंतराची शिफारस करणारी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. छोट्या प्राण्यांच्या पशुवैद्यकांची जागतिक संघटना, म्हणजे आपण जिला 'वसावा' म्हणतो, तीही 2007 पासून हेच सांगत आली आहे. डिस्टेंपर, अडिनो आणि पार्व्हो या तीन विषाणूंच्या जिवंत लसी प्रौढ कुत्र्याला तीन वर्षांच्या आत पुन्हा देण्याची गरज नाही, हे तिच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही कायम आहे.

लस अत्यंत सुरक्षित आहे, हे मी ठासून सांगतो. अमेरिकेतल्या बारा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. लसीनंतरच्या तीन दिवसांत दर दहा हजार कुत्र्यांमागे सुमारे 38 जणांना त्रास झाल्याचे त्यात आढळले. पण त्याच अभ्यासात असेही दिसले, की कुत्रा जितका लहान आणि एका भेटीत दिलेल्या लसी जितक्या जास्त, तितका धोका वाढतो. तीन किलोच्या पॉमेरेनियनला एकाच दिवशी चार-पाच लसी टोचताना हा निष्कर्ष डोळ्यांसमोर असावा. ज्या सुईने फायदा होणार नाही, तिचा थोडाही धोका पत्करण्याचे कारण नाही.

आता चाचणीकडे येऊ. दवाखान्यात करता येणारे किट आपल्यापैकी अनेकांनी हाताळले आहे. रक्ताचा एक थेंब घ्यायचा, दातेरी पट्टी एकेका खाचेतल्या द्रावणात ठरावीक मिनिटे बुडवायची, आणि अर्ध्या तासाच्या आत पट्टीवर करडे ठिपके उमटतात. वरच्या प्रमाण-ठिपक्याशी त्यांची गडदता ताडून पाहायची. हा ठिपका नेमके काय सांगतो, ते आपल्याला नीट कळले पाहिजे. पार्व्हो, डिस्टेंपर आणि अडिनो या तिघांच्या बाबतीत प्रौढ कुत्र्याची चाचणी सकारात्मक आली, तर त्याला संरक्षण आहे असे मानायला भक्कम आधार आहे. नकारात्मक आली, तर कुत्रा उघडाच आहे असे मात्र ठामपणे म्हणता येत नाही. रक्तातली प्रतिपिंडे उतरली तरी स्मृतिपेशी जाग्या असू शकतात. तरीही अशा वेळी लस द्यावी, कारण चूक झालीच तर ती या बाजूने झालेली बरी.

या चाचणीचा खरा उपयोग कुठे? लसीची मुदत चुकलेला कुत्रा, दत्तक घेतलेला पण कार्ड नसलेला कुत्रा, पूर्वी लसीनंतर तोंड सुजलेला कुत्रा, स्वयंप्रतिकार-विकारातून उठलेला कुत्रा. आश्रयगृहात पार्व्हो शिरला, तर कोणाला वेगळे ठेवायचे हे ठरवतानाही ती कामी येते. पण माझ्या मते तिचा सर्वांत मोठा उपयोग पिल्लांत आहे.

पंचेचाळीस दिवसांचे पिल्लू घरी येते. आठवड्याभरात लस होते, मग दुसरी होते, आणि दहा-बारा आठवड्यांवर कार्डावर 'लसीकरण पूर्ण' असे लिहिले जाते. इथेच घात होतो. आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडे लसीतला विषाणू निकामी करतात. ती कोणत्या पिल्लात कधी ओसरतील, हे एकाच वेतातल्या भावंडांतही सारखे नसते. मधल्या काळात रोगकारक विषाणूला वाट मिळते, पण लस लागू पडत नाही. मग ते पिल्लू ओकाऱ्या आणि रक्ताळ जुलाबांनी गळून गेलेले आपल्यापुढे येते. मालक कार्ड पुढे करून विचारतो, "सगळ्या लसी दिल्या होत्या ना?" म्हणून शेवटची मात्रा सोळा आठवड्यांच्या आत देऊ नका. त्यानंतर किमान चार आठवड्यांनी चाचणी करा, किंवा सव्वीसाव्या आठवड्याला आणखी एक मात्रा द्या. पहिल्या बूस्टरसाठी वर्षभर थांबण्याची जुनी रीत सोडा, असा 'वसावा'चा आताचा सल्ला आहे. काही कुत्री आनुवंशिक कारणाने लसीला प्रतिसादच देत नाहीत. पार्व्होच्या बाबतीत हे प्रमाण हजारात एक असावे, असा अंदाज आहे. अशा पिल्लाची ओळख कार्ड पाहून पटत नाही, रक्त तपासूनच पटते.

आणि आता या चाचणीच्या मर्यादा, तितक्याच स्पष्टपणे. लेप्टोस्पायरोसिसमध्ये लसीनंतरची प्रतिपिंडे लवकर उतरतात आणि त्यांचा संरक्षणाशी भरवशाचा संबंध लागत नाही. तिथे टायटर पाहून लस टाळणे म्हणजे चूक. 2005 च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईत लेप्टो कसा पसरला, हे आपण विसरलेलो नाही. मुंबईतल्या आणि कोकणातल्या कुत्र्याला लेप्टोची लस दरवर्षी, आणि तीही पावसाळ्यापूर्वी मिळाली पाहिजे. केनेल कफच्या बाबतीतही रक्ततपासणी निर्णायक ठरत नाही.

रेबीजचे टायटर हा तर वेगळाच विषय. दर मिलिलिटरला 0.5 आंतरराष्ट्रीय एकक ही पातळी परदेशी जाणाऱ्या कुत्र्याच्या कागदपत्रांसाठी लागते. भारतातून युरोपीय संघात जायचे, तर लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त घ्यावे लागते, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावे लागते आणि पुढे तीन महिने थांबावे लागते. हा अहवाल प्रवासापुरता आहे, लस टाळण्याचा परवाना नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर कुत्राही वाचत नाही आणि माणूसही जवळपास कधीच वाचत नाही. इथे मुदत चुकवण्याची सूट मी कोणालाही देणार नाही.

मित्रहो, एवढे बोलल्यावर मला जे सर्वांत कळकळीने सांगायचे आहे, तिकडे वळतो. लस की चाचणी, हा वाद आपण ज्या कुत्र्यांबद्दल घालतो, ती मुळात सुरक्षित आहेत. एका सदनिकेतल्या लॅब्रॅडॉरला सहा वर्षांत पार्व्होच्या सहा-सात मात्रा मिळतात. त्याच इमारतीच्या फाटकाशी झोपणाऱ्या कुत्रीला रेबीजचीसुद्धा एक मिळत नाही. रोगाला इमारतीचे कुंपण अडवत नाही. 2018 च्या सप्टेंबरात गीरमधल्या दलखाणिया भागात सिंह एकामागून एक मेले आणि तपासात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. त्यानंतर तिथल्या सिंहांसाठी परदेशातून लस आणावी लागली. ताडोबा आणि पेंचच्या काठावर, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वस्त्यांत किती कुत्री लसीविना फिरतात, याचा विचार आपण करायला हवा.

हे काम होण्यासारखे आहे, याचा दाखला शेजारच्या गोव्याने दिला आहे. मिशन रेबीज ही संस्था आणि गोवा सरकार यांची पथके वाड्यावाड्यांत फिरली. हाताला येणारी कुत्री हातात धरून, न येणारी जाळ्याने पकडून त्यांनी लस दिली, अंगावर रंगाची खूण केली आणि मोबाइलवर नोंद ठेवली. शाळाशाळांत मुलांना शिकवले, संशयित कुत्र्याची खबर देण्यासाठी फोन ठेवला. सत्तर टक्के कुत्र्यांना लस, हे या कामाचे गणित. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. कुत्र्यांमुळे होणारा रेबीज 2030 पर्यंत संपवण्याचा राष्ट्रीय आराखडाही त्याच वर्षी आला. ही मुदत आता हाकेच्या अंतरावर आहे.

वार्षिक लस बंद केली तर कुत्रा दवाखान्यात येणारच नाही, ही भीती मला माहीत आहे, आणि ती खोटी नाही. त्यावर उपाय एकच. वार्षिक तपासणीचे मोल आपण स्वतः ओळखायचे आणि मालकालाही पटवून द्यायचे. दात, वजन, हृदय, गोचीड-ताप या सगळ्यांकडे पाहण्यासाठी कुत्रा यावा आणि त्या तपासणीची फी आपण निःसंकोच घ्यावी. ज्ञानाचे शुल्क मागण्यात कमीपणा नाही.

म्हणून या व्यासपीठावरून मी तीन ठराव मांडतो. एक, कार्डावर पुढची तारीख लिहिताना प्रत्येक रोगाची तारीख वेगळी लिहावी आणि सोळा आठवड्यांनंतरच्या मात्रेशिवाय पिल्लाचे लसीकरण पूर्ण झाले असे कोणी लिहू नये. दोन, आपल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी डिस्टेंपर, पार्व्हो आणि अडिनोच्या प्रतिपिंडांची तपासणी सामान्य मालकाला परवडेल अशा दरात उपलब्ध करावी, म्हणजे आयात किटवर अवलंबून राहावे लागणार नाही आणि आपल्या कुत्र्यांची माहिती आपल्याकडे जमेल. तीन, या परिषदेच्या प्रत्येक सभासदाने आपल्या दवाखान्याभोवतालच्या गल्ल्यांतल्या कुत्र्यांच्या रेबीज लसीकरणाची जबाबदारी महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जोडीने उचलावी. घरच्या कुत्र्याच्या वाचलेल्या मात्रांचा पैसा आणि आपला वाचलेला वेळ तिकडे वळावा.

ज्याला गरज आहे त्या प्रत्येक कुत्र्यापर्यंत लस पोहोचवणे आणि ज्याला गरज नाही त्याला ती न टोचणे, ही दोन्ही एकाच कर्तव्याची अंगे आहेत. दोन दिवसांच्या चर्चेत या ठरावांवर आपण तीव्र मतभेदही मांडावेत, पण इथून जाताना प्रत्येकाने आपल्या गल्लीचा नकाशा आणि कामाला लागण्याची तारीख ठरवूनच जावे, अशी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.