महाराष्ट्राची रणजी टीम आणि स्वारगेटचा एक प्रेक्षक

आज क्रिकेटवर बोलायचंय, पण आयपीएलवर नाही आणि टीम इंडियावरही नाही. आज विषय आहे महाराष्ट्राची रणजी टीम. आता तुम्ही म्हणाल, म्हणजे मुंबईच ना? नाही हो. हाच प्रश्न मला गेली चाळीस वर्षं लोक विचारतायत.

राज्य एक, पण रणजीत टीम तीन. मुंबई वेगळी, विदर्भ वेगळा आणि उरलेला सगळा महाराष्ट्र आमचा. म्हणजे पुणे, नाशिक, नगर, सोलापूर, कोल्हापूर, जालना, संभाजीनगर वगैरे. नाव सगळ्या राज्याचं, पण मुंबईच्या खात्यात ४२ ट्रॉफ्या, विदर्भाच्या खात्यात ३ आणि आमच्या २. त्यासुद्धा कधीच्या? १९३९-४० आणि १९४०-४१. कॅप्टन प्रा. दि. ब. देवधर. ते १०१ वर्षं जगले, १९९३ मध्ये गेले, पण तिसरी ट्रॉफी काही त्यांना बघायला मिळाली नाही. मलाही अजून मिळालेली नाही.

मी स्वारगेटचा. नोकरी एसटीत, स्वारगेट आगारातच. पहिली पाळी सुटली की डबा पिशवीत टाकायचा आणि चालत नेहरू स्टेडियम. पाच-सात मिनिटं लागायची. रणजीला बहुतेक वेळा तिकीट नसायचंच. स्टँडमध्ये पन्नास-साठ डोकी, त्यातली निम्मी रिटायर्ड, काही कॉलेज बुडवून आलेली, एखादा गावाकडचा माणूस पुढच्या गाडीला दोन तास आहेत म्हणून टेकलेला. शेंगदाण्याची पुडी एकीकडून दुसरीकडे फिरायची. त्या लोकांची नावं मला आजही माहीत नाहीत, पण कोण सुरेंद्र भावेच्या बाजूचा आणि कोण मिलिंद गुंजाळच्या, ते सांगू शकतो.

तर आमच्या या स्टँडमध्ये एक ठरलेलं दुखणं होतं. महाराष्ट्राचं नशीबच फुटकं. त्याला पुरावेही भरपूर. भाऊसाहेब निंबाळकर, डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, काठियावाडविरुद्ध ४४३ नाबाद. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम ९ रनांवर आलेला आणि समोरच्या कॅप्टननं ब्रेकमध्ये सांगितलं, आम्ही आता खेळत नाही, निघालो. निघालेच! एवढं करून निंबाळकरांना एकही टेस्ट मिळाली नाही. मग शंतनू सुगवेकर, १९८८-८९, मध्य प्रदेशविरुद्ध पुण्यातच, २९९ नाबाद. एक रन हो. त्या दिवशी मी ड्यूटीवर होतो, दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं आणि आगारात दिवसभर तोच विषय. सुगवेकरलाही इंडिया कॅप नाही.

आणि सगळ्यात झोंबणारी १९७०-७१ ची फायनल. समोर मुंबई. गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर सगळे वेस्ट इंडीजला गेलेले. मुंबईची उरलीसुरली टीम, कॅप्टन सुधीर नाईक. आमच्याकडे चंदू बोर्डे. तरी हरलो, ४८ रनांनी. जुनी मंडळी याबद्दल बोलताना आवाज खाली करायची, घरातली गोष्ट सांगावी तसा.

पण माझं मत वेगळं आहे आणि ते मी त्या स्टँडमध्येही सांगायचो. शिव्या खाल्ल्यात त्यासाठी. नशीब वगैरे काही नाही. आमची टीम कायम बॅट्समनची टीम राहिली. आपल्याला रन आवडतात, बॉलर नाही आवडत.

बघा ना. १९४०-४१ ला पुण्यात मुंबईविरुद्ध देवधरांनी ४८ व्या वर्षी २४६ काढले. टीमचे ६७५, आणि मुंबईनं उत्तरात ६५०! पुढे मार्च १९४९, पुन्हा पुणे, पुन्हा मुंबई, सेमीफायनल. मुंबई ६५१ आणि ७१४, आपण ४०७ आणि ६०४. एका मॅचमध्ये २३७६ रन, फर्स्ट क्लास क्रिकेटमधला विक्रम. लोक हे आकडे अभिमानानं सांगतात. मला त्यात दमलेले बॉलर दिसतात. अलीकडचं घ्या, ऑक्टोबर २०१६, वानखेडेवर दिल्लीविरुद्ध. स्वप्निल गुगळे ३५१, अंकित बावणे २५८, दोघंही नाबाद, ५९४ ची भागीदारी. हजारे आणि गुल महंमद यांचा ५७७ चा जुना विक्रम मोडला. डाव ६३५ वर सोडला. आणि मग? ऋषभ पंतनं ३०८ मारले, दिल्ली ५९० पर्यंत गेली, मॅच ड्रॉ. वीस विकेट कोण काढणार, हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नाही.

ज्या वर्षी विचारला, त्या वर्षी काय झालं ते सांगतो. २०१३-१४. कॅप्टन रोहित मोटवानी, कोच आपला सुरेंद्र भावे. केदार जाधवनं त्या सीझनला १२२३ रन काढले, ते सगळ्यांना आठवतं. पण क्वार्टर फायनलला वानखेडेवर पहिल्या डावात मुंबई १२२ रनांनी पुढे होती. दुसऱ्या डावात मुंबई १२९ मध्ये गुंडाळली, म्हणून केदार आणि विजय झोल यांना २५२ चा पाठलाग करता आला. सेमीफायनलला इंदूरमध्ये हिरवं पिच, बंगाल ११४. समद फल्ला, श्रीकांत मुंढे, अनुपम संकलेचा. या तिघांची नावं किती पुणेकरांना माहीत असतील? समद फल्ला रिक्षातून उतरला तर मीटरचे पैसे घेतील लोक, ओळखणार नाहीत. फायनल हैदराबादला कर्नाटकशी, तिथं मात्र बॉलिंग थकली, त्यांनी ५१५ केले. सात विकेट्सनी हरलो. पण त्या वर्षी मी पहिल्यांदा नशिबावर खापर न फोडता हरलो, बरं वाटलं.

दुसरं, बॉलर आपल्या भागात जन्मतच नाहीत असंही नाही. झहीर खान श्रीरामपूरचा. श्रीरामपूर म्हणजे आपलाच इलाका. खेळला बडोद्याकडून, २००० -०१ ला त्यांना रणजी जिंकून दिली. इक्बाल सिद्दिकी आपल्याकडून खेळला, २००१ ला मोहालीत एकच टेस्ट मिळाली. जिंकायला पाच रन हवे होते, याला ओपनिंगला पाठवलं आणि यानंच ते काढले. बॉलरची आठवणसुद्धा बॅटिंगची राहते बघा आपल्याकडे! आणि हृषीकेश कानिटकर, ढाक्याचा चौका मारलेला आपला कानिटकर, त्यानं कॅप्टन म्हणून रणजी उचलली ती राजस्थानची, सलग दोन वर्षं. त्या रात्री मला आनंदही झाला आणि जेवणही गेलं नाही.

आता नेहरू स्टेडियमचं. बाहेरच्यांना ते आठवतं २९ फेब्रुवारी १९९६ मुळे. वर्ल्ड कप, केनियाचे १६६, त्यात सगळ्यात जास्त एक्स्ट्रा, ३७. आणि वेस्ट इंडीज ९३ ऑलआउट. लारा ८ वर गेला तेव्हा आख्खं स्टेडियम केनियाचं झालं होतं. पण माझ्यासाठी ते मैदान म्हणजे मंगळवारची दुपार, शेवटचं सेशन, पर्वतीच्या बाजूनं येणारा वारा आणि एखादा डावखुरा स्पिनर तासभर एकाच टप्प्यावर टाकतोय.

मग २०१२ च्या सुमारास सगळं गहुंजेला गेलं. स्टेडियम उत्तम आहे, मी नाही म्हणत नाही. ड्रेनेज, पिच, खेळाडूंच्या सोयी, सगळं पहिल्यापेक्षा चांगलं. पण एक्स्प्रेस वेच्या कडेला, स्वारगेटपासून तीसेक किलोमीटर. मी जातो अजून. लोकलनं देहूरोड, पुढे रिक्षा. रिक्षावाला विचारतो, आज कसली मॅच काका? जाऊन बसलं की मोकळ्या खुर्च्यांची रांगच रांग. रणजीचा प्रेक्षक मॅचला जात नाही हो, तो जाता जाता थांबतो. त्याला वाटेवरचं मैदान लागतं. नाशिकला अनंत कान्हेरे मैदान भर शहरात आहे, तिथं मॅच दिली की लोक येतात. सोलापूरलाही दिली, चांगलं केलं.

आता ऋतुराज आहे, २०२२ ला एका ओव्हरमध्ये सात सिक्स मारणारा. २०२५ ला पृथ्वी शॉ मुंबई सोडून आपल्याकडे आला. म्हणजे पुन्हा बॅट्समनच! जलज सक्सेनाही आला, ते मात्र मला जास्त आवडलं, बॉलिंग करतो तो.

माझं मागणं एवढंच आहे. सीझनमधली एक मॅच, एकच, नेहरू स्टेडियमवर द्या. समोर आता मेट्रोचं स्टेशन झालंय, एसटी स्टँड आहेच. पिचवर थोडं गवत ठेवा. शेंगदाणे मी आणतो.