निवृत्तिवेतनाचा हिशेब कुटुंबाच्या बाजूने



खाजगी कारखाने, सहकारी संस्था, साखर कारखाने आणि महामंडळे यांत काम करणाऱ्यांच्या म्हातारपणाचा जो थोडाफार आधार कायद्याने ठरवून दिला आहे, तो कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ या नावाने ओळखला जातो, आणि १६ नोव्हेंबर १९९५ रोजी ती लागू झाल्यापासून तिच्यावर जी चर्चा झाली ती मुख्यत्वे रकमेच्या तुटपुंजेपणावर झाली. ती चर्चा रास्तच आहे. परंतु या योजनेचे मूळ पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते, ती अशी की तिच्या आधी १ मार्च १९७१ पासून चालत आलेली योजना ही कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना होती. तिच्यात कामगाराला स्वतःला निवृत्तीनंतर दरमहा वेतन मिळत नसे, तर तो मरण पावल्यास त्याच्या मागे राहिलेल्यांची सोय होत असे. केंद्र सरकार आजही या योजनेत वेतनाच्या १.१६ टक्के एवढा जो वाटा घालते, तो आकडा त्या जुन्या योजनेचाच अवशेष आहे. मूळ हेतू मागे राहणाऱ्यांचा होता आणि निवृत्तीचा लाभ नंतर जोडला गेला, हा क्रम लक्षात ठेवला तर दावा कधी करावा आणि कोणता करावा या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

प्रथम पात्रतेचा विचार करणे सोयीचे ठरेल. मालकाने भरावयाच्या १२ टक्के वर्गणीपैकी ८.३३ टक्के रक्कम निवृत्तिवेतन निधीत जाते आणि कामगाराच्या पगारातून कापलेले १२ टक्के पूर्णपणे भविष्य निर्वाह निधीत जमा होतात, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी कामगाराच्या खिशातून थेट काही जात नाही. ही वर्गणी ज्या वेतनावर मोजली जाते त्याची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये करण्यात आली. त्याच दुरुस्तीने आणखी एक बदल केला, ज्याची जाणीव अनेक कुटुंबांना कमावता माणूस गेल्यावरच होते: या तारखेनंतर जे प्रथमच भविष्य निर्वाह निधीचे सभासद झाले आणि ज्यांचे वेतन त्या वेळी १५,००० रुपयांहून अधिक होते, ते निवृत्तिवेतन योजनेत मुळी आलेच नाहीत. त्यांच्या मागे भविष्य निर्वाह निधीची शिल्लक आणि विम्याची रक्कम उरते, पण दरमहाचे निवृत्तिवेतन उरत नाही. चांगला पगार म्हणजे चांगले संरक्षण ही समजूत येथे सपशेल खोटी ठरते.

मासिक निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा आणि वयाची ५८ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरीने ठरणारे निवृत्तिवेतनपात्र वेतन आणि सेवेची वर्षे यांच्या गुणाकाराला ७० ने भागले की मासिक रक्कम मिळते; २० वर्षे वा अधिक सेवा झालेल्यास २ वर्षांची जादा भर मिळते, आणि ज्यांची सेवा २०१४ च्या आधी व नंतर अशी विभागलेली आहे त्यांचा हिशेब त्या त्या काळाच्या वेतनमर्यादेनुसार दोन भागांत होतो. सहा महिने वा त्याहून अधिक भरलेला वर्षाचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, त्यामुळे साडेनऊ वर्षे सेवा झालेला कामगार पात्र ठरतो. महाराष्ट्राच्या दृष्टीने याहून महत्त्वाची तरतूद हंगामी कामगारांविषयीची आहे: साखर कारखान्यात गळीत हंगामापुरते काम करणाऱ्याची त्या वर्षातील प्रत्यक्ष सेवा काही महिन्यांचीच असली तरी ते वर्ष पूर्ण सेवेचे मानावे, असे योजना सांगते. हंगामी कामगाराची नोंद ‘हंगामी’ म्हणूनच झाली आहे की त्याला दर वर्षी नवा कामगार दाखवले गेले आहे, यावर त्याच्या हातात निवृत्तिवेतन पडणार की नुसती परत केलेली वर्गणी, हे ठरते. कारखान्यांतील संघटनांनी बोनसच्या वाटाघाटींइतकेच लक्ष या नोंदीकडे दिले असते तर पुष्कळ हंगामी कामगारांचे म्हातारपण वेगळे झाले असते, असे येथे स्पष्टपणे म्हणणे भाग आहे.

पात्रता गमावण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे नोकरी बदलताना किंवा सुटताना निवृत्तिवेतन निधीतील रक्कम काढून घेणे. १० वर्षांपेक्षा कमी सेवा असलेल्यास ‘फॉर्म १० सी’ भरून दोनपैकी एक पर्याय निवडता येतो: रक्कम काढणे, जी सेवेच्या प्रत्येक वर्षामागे साधारणपणे एका महिन्याच्या वेतनाइतकी असते, किंवा योजना प्रमाणपत्र घेणे, म्हणजेच झालेली सेवा पुढच्या नोकरीतील सेवेत मिळवली जावी यासाठीचा लेखी पुरावा सांभाळून ठेवणे. चार ठिकाणी प्रत्येकी सहा वर्षे काम करून प्रत्येक वेळी पैसे काढणाऱ्याच्या नावावर चोवीस वर्षांच्या श्रमानंतरही निवृत्तिवेतनपात्र सेवा शून्य राहते. लग्नकार्य, आजारपण, घराची डागडुजी अशा गरजांपुढे कामगाराला दोष देणे योग्य नाही. परंतु निकड असेल तर भविष्य निर्वाह निधीला हात लावावा आणि निवृत्तिवेतनाच्या सेवेला लावू नये, एवढा भेद त्याला कोणीतरी वेळेवर सांगायला हवा.

आता दाव्याच्या वेळेचा प्रश्न. १० वर्षांची सेवा झालेला आणि नोकरीतून बाहेर पडलेला सभासद वयाच्या ५० वर्षांनंतर कधीही मुदतपूर्व निवृत्तिवेतन मागू शकतो, मात्र ५८ ला जितकी वर्षे कमी पडतील त्या प्रत्येक वर्षासाठी रक्कम ४ टक्क्यांच्या दराने घटते; उलट ५८ नंतर थांबल्यास ६० पर्यंत ती दर वर्षी ४ टक्क्यांनी वाढते. समजा ५८ व्या वर्षी ३,००० रुपये मिळणार आहेत. ५७ व्या वर्षी मागितल्यास २,८८० रुपये मिळतील, म्हणजे एका वर्षात ३४,५६० रुपये आधी हातात येतील आणि पुढे दरमहा १२० रुपये कमी पडतील. ही तूट त्या आगाऊ रकमेइतकी व्हायला २८८ महिने, म्हणजे २४ वर्षे लागतात, आणि तोवर निवृत्त माणूस ८२ वर्षांचा झालेला असतो. ५८ ऐवजी ५९ पर्यंत थांबणाऱ्याचा हिशेब तर २५ वर्षांनी, वयाच्या ८४ व्या वर्षी जुळतो. सरकारी निवृत्तिवेतनधारकाला महागाईवाढ मिळत राहते, तशी या योजनेत मिळत नाही. त्यामुळे उशिरा मिळणारा रुपया दर वर्षी हलका होत जातो. केवळ सभासदाच्या बाजूने पाहिले तर लवकर मागणे फायद्याचे आणि ५८ नंतर थांबणे क्वचितच शहाणपणाचे, असा निष्कर्ष निघतो.

मात्र हा हिशेब एकट्याचा आहे, आणि विवाहित कामगाराने तो तसा करणे धोक्याचे ठरू शकते. निवृत्तिवेतन सुरू झाल्यानंतर सभासद मरण पावला तर पत्नीला किंवा पतीला त्याच्या चालू रकमेच्या निम्मे मिळते, म्हणजे वरील उदाहरणात १,४४० रुपये. परंतु १० वर्षांची सेवा करून बाहेर पडलेला आणि अजून दावा न केलेला सभासद ५८ च्या आधी गेला, तर मागे राहिलेल्या जोडीदाराला सभासदाला देय झाले असते तेवढे निवृत्तिवेतन मिळते, त्याचा निम्मा हिस्सा नव्हे. नोकरी सुटल्यापासून ५८ पूर्ण होईपर्यंतचा काळ हा अशा रीतीने न मागता मिळालेले विमासंरक्षण असतो, आणि मुदतपूर्व दाव्याच्या अर्जावर सही करताना ते संरक्षण निम्म्याने सोडून दिले जाते, ही गोष्ट अर्ज भरून देणारे एजंट सांगत नाहीत. ज्याची प्रकृती ठीक नाही आणि ज्याच्या पत्नीला स्वतःचे उत्पन्न नाही, त्याने घराचा खर्च अन्य मार्गाने भागत असेल तर मुदतपूर्व दावा करू नये. एकट्या आणि धडधाकट सभासदाने तो खुशाल करावा.

सेवेत असताना मृत्यू झाल्यास एका महिन्याची वर्गणी जमा असणेही पुरेसे आहे. पत्नीखेरीज एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५ वर्षांपर्यंत, तिच्या निवृत्तिवेतनाच्या प्रत्येकी २५ टक्के मिळतात, आईवडील दोन्ही नसल्यास हा हिस्सा ७५ टक्के होतो, आणि कायमचे अपंगत्व असलेल्या अपत्यास वयाची अट राहत नाही. भविष्य निर्वाह निधीची शिल्लक, ७ लाख रुपयांपर्यंतची ठेव संलग्न विम्याची रक्कम आणि मासिक निवृत्तिवेतन हे तीन वेगळे हक्क आहेत. पहिले पैसे बँकेत आले की प्रकरण संपले असे समजून अनेक कुटुंबे उरलेले दोन मागतच नाहीत.

रकमेविषयी बोलायचे तर १ सप्टेंबर २०१४ पासून किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये ठरले. राज्यसभेच्या याचिका समितीने त्याआधीच, २०१३ मध्ये, भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखाली ३,००० रुपयांची शिफारस केली होती. पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेल्या या गृहस्थांचे नाव राज्यात अनेक कारणांनी घेतले गेले, पण निवृत्तांच्या सभांत ते या अहवालासाठी घेतले जाते. ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता ही निवृत्तांची मागणी आता देशभर पोहोचली आहे, आणि तिला कामगार संघटनांच्या या परिषदेचा पाठिंबा असणे स्वाभाविक आहे.

तथापि परिषदेच्या हातात असलेले एक काम कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहत नाही. मराठी स्त्रीचे लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलते. पतीच्या जुन्या कुटुंब-नोंदीत एक नाव, आधारवर दुसरे आणि बँकेच्या पासबुकात तिसरे असले की विधवेचा ‘फॉर्म १० डी’ परत येतो, आणि दुःखाच्या दिवसांत तिला प्रतिज्ञापत्रे व राजपत्रातील नोंद यांच्या मागे फिरावे लागते. निवृत्तिवेतन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून देय असते, म्हणून थकबाकी बुडत नाही, पण घर थकबाकीवर चालत नाही. प्रत्येक संघटनेने आपल्या सभासदांच्या कुटुंब-नोंदी, पत्नीचे नाव, मुलांच्या जन्मतारखा आणि सेवेतून सुटल्याची तारीख येत्या वर्षभरात तपासून दुरुस्त करून घ्याव्यात, आणि ते काम सभासद जिवंत व नोकरीत असतानाच पूर्ण करावे, अशी अध्यक्षपदावरून सर्व प्रतिनिधींना विनंती आहे.