अनियमित स्पंदन, नियमित जीवन
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. ज्या पिढीने या वास्तूसाठी तन-मन-धन वेचले, ती पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. या वयात वाढत जाणाऱ्या एका विकाराविषयी समाजात फार कमी बोलले जाते. त्याचे नाव एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर मंडळी संक्षेपाने त्याला ‘ए.एफ.’ म्हणतात. हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी, बायपास हे शब्द घराघरांत पोहोचले आहेत. परंतु रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही हृदयाचा ताल बिघडू शकतो आणि त्यातून माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो, याची जाणीव अद्याप पुरेशी रुजलेली नाही. तप-त्यागाची परंपरा जपणाऱ्या आपल्या समाजासाठी तर या विकाराला आणखी एक बाजू आहे. तिचाच विचार आज प्रामुख्याने करावयाचा आहे.

विकाराचे स्वरूप

निरोगी हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा स्पंदन पावते. उजव्या वरच्या कप्प्यातील एका लहानशा केंद्रातून विद्युतसंदेश निघतो आणि चारही कप्पे क्रमाने आकुंचन पावतात. ए.एफ.मध्ये ही शिस्त मोडते. वरच्या कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० अस्ताव्यस्त लहरी उसळतात. ते कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. परिणामी नाडी कधी जलद, कधी संथ चालते आणि दोन ठोक्यांमधील अंतर सारखे राहत नाही. कोणाला धडधड जाणवते, कोणाला जिना चढताना दम लागतो, कोणाला थकवा येतो. अनेकांना मात्र काहीच जाणवत नाही, आणि हाच या विकाराचा कपटीपणा होय.

खरा धोका धडधडीत नाही, गुठळीत आहे. डाव्या वरच्या कप्प्याला एक लहान पिशवीसारखा भाग असतो. कप्पा नुसता थरथरू लागला की त्या पिशवीत रक्त साचते आणि गुठळी बनते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात होतो. ए.एफ. असलेल्या व्यक्तीस पक्षाघाताचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे पाचपट असतो.

उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलता, थायरॉइड ग्रंथीचे अतिरिक्त कार्य, झोपेत श्वास अडकणे आणि मद्यपान ही त्याची प्रमुख कारणे. भारतात आणखी एक कारण दिसते. बालपणी होणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापामुळे हृदयाची मायट्रल झडप अरुंद होते आणि पुढे तारुण्यातही ए.एफ. उद्भवतो.

निदान अवघड नाही. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण ६० सेकंद नाडी पाहावी. ठोके विस्कळीत वाटल्यास ई.सी.जी. काढून घ्यावा. ज्या यंत्रासाठी विलेम आइन्थोव्हेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्या यंत्राचा कागदाचा एक पट्टा निदानास पुरतो. ताल येत-जात बिघडत असेल तर चोवीस तास वा त्याहून अधिक काळ नोंद घेणारे यंत्र लावावे लागते.

उपचाराचे तीन आधार

पहिला आधार म्हणजे ठोक्यांची गती आटोक्यात ठेवणे. त्यासाठी मेटोप्रोलॉलसारखी औषधे आणि काही रुग्णांत डिगॉक्सिन वापरले जाते. दुसरा आधार म्हणजे ताल पूर्ववत करण्याचा प्रयत्न. औषधे, नियंत्रित विद्युतझटका किंवा ‘अब्लेशन’ हे त्याचे मार्ग. फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हायसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिले की, हा गोंधळ बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या मुखाशी सुरू होतो. अब्लेशनमध्ये त्याच जागा विद्युतदृष्ट्या वेगळ्या केल्या जातात.

तिसरा आधार सर्वांत महत्त्वाचा, तो म्हणजे गुठळीस प्रतिबंध. वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांचा हिशेब मांडून रक्त पातळ करणारे औषध द्यावयाचे की नाही, हे डॉक्टर ठरवतात. धडधड थांबली म्हणून किंवा अब्लेशन झाले म्हणून हे औषध आपल्या मनाने बंद करता येत नाही. आणि ‘ॲस्पिरिन चालू आहे, तेवढे पुरे’ ही समजूतही चुकीची आहे. या विकारात ॲस्पिरिन पुरेसे संरक्षण देत नाही.

या औषधांतील जुने औषध वॉरफरिन. आपल्याकडे त्याच गटातील एसिनोकुमारॉलही बरेच वापरले जाते. कुजलेल्या क्लोव्हर गवतामुळे गुरांना रक्तस्राव होतो, या निरीक्षणातून अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या संशोधनाने त्याचा मार्ग उघडला. प्रथम ते उंदीर मारण्यासाठी विकले गेले आणि १९५४ साली मानवी उपचारास मान्य झाले. हा पूर्वेतिहास कानावर आल्याने अनेक श्रावकांच्या मनात किंतु येतो. परंतु ही गोळी प्रयोगशाळेत रासायनिक क्रियेने तयार होते आणि योग्य मात्रेत दिल्यास पक्षाघाताचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशाने घटवते. गोळीचे वा कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे आहे काय, एवढी चौकशी मात्र औषध-विक्रेत्याकडे अवश्य करावी. पुष्कळदा पर्याय उपलब्ध असतो.

चातुर्मास आणि रक्ताची चाचणी

आता मूळ मुद्दा. वॉरफरिन हे ‘के’ जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करते, आणि हे जीवनसत्त्व प्रामुख्याने पालक, मेथी, कोथिंबीर, कोबी अशा हिरव्या पाल्यातून मिळते. म्हणून औषधाची मात्रा रुग्णाच्या नेहमीच्या आहाराशी जुळवलेली असते. ती योग्य आहे की नाही, हे पी.टी.-आय.एन.आर. या रक्तचाचणीने कळते. ए.एफ.च्या बहुतेक रुग्णांत हा आकडा २ ते ३ च्या दरम्यान असावा लागतो.

समजा, सत्तरीतील एक श्रावक आहेत. ज्येष्ठात आकडा अडीच आला, सर्व ठीक होते. आषाढी चौदसीपासून त्यांनी हिरवा भाजीपाला सोडला. गोळी तीच, पण आहारातील ‘के’ जीवनसत्त्व घटले. आकडा चढू लागला. पर्युषणात त्यांनी अट्ठाईचा निश्चय केला. काही दिवस आहार नाही, दिवसा केवळ उकळलेले पाणी. घरच्यांनी अनुमोदना केली; डॉक्टरांना मात्र कोणीच कळवले नाही. अशा वेळी हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर काळे-निळे डाग पडणे, काळी शौचास होणे ही धोक्याची सूचना असते. मेंदूत रक्तस्राव होणे हे त्याचे टोक. उलट, उपवासात गोळीही सोडली तर काही दिवसांत संरक्षण संपते आणि गुठळीला वाट मोकळी होते. पुढे कार्तिकी पौर्णिमा उलटली, हिवाळ्यातील मेथी-पालक ताटात आले की आकडा खाली घसरतो आणि पक्षाघाताचा धोका पुन्हा वाढतो.

यात दोष व्रताचा नाही, औषधाचाही नाही. दोघांची एकमेकांशी ओळख करून दिली गेली नाही, हा दोष आहे. चातुर्मास सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर, तसेच चैत्र-आश्विनातील आयंबिल ओळीच्या आधी डॉक्टरांना सांगून चाचणी वारंवार केली, तर मात्रा बदलून हिशेब जुळवता येतो. पालेभाजी खाऊच नये असे नाही आणि खाल्लीच पाहिजे असेही नाही. प्रमाण एकसारखे असावे आणि बदल होणार असल्यास तो आधी कळवावा.

चौविहार आणि नवीन औषधे

२०१० नंतर डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सॅबान, एपिक्सॅबान ही नवीन औषधे आली. त्यांना पालेभाजीची बाधा नाही आणि आय.एन.आर.ची गरज नाही. मात्र कृत्रिम धातूची झडप असलेल्यांना ती चालत नाहीत. ऱ्हुमॅटिक विकाराने मायट्रल झडप अरुंद झालेल्यांसाठीही जुना गटच योग्य मानला जातो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ऱ्हुमॅटिक झडपविकाराच्या रुग्णांत रिव्हारोक्सॅबानपेक्षा जुने औषधच सरस ठरले.

नवीन औषधांचे कार्य साधारण दिवसभरातच ओसरते. म्हणून एक मात्रा चुकणेही येथे महाग पडते. डॅबिगॅट्रान व एपिक्सॅबान दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने घ्यावयाचे असतात. डिसेंबरात पुण्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि सूर्योदय सातच्या सुमारास. नवकारशीनंतर पहिली व सूर्यास्तापूर्वी दुसरी मात्रा घेतली, तर दिवसाचे अंतर दहा तासांचे आणि रात्रीचे चौदा तासांचे होते. हे चालेल का, की एकदाच घ्यावयाचे औषध बरे, हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावा. रिव्हारोक्सॅबान दिवसातून एकदाच असते. परंतु त्याची १५ व २० मिलिग्रॅमची गोळी अन्नासोबत घेतली तरच पूर्ण शोषली जाते. चौविहाराच्या सायंभोजनाबरोबर ते उत्तम बसते, उपवासाच्या दिवशी मात्र नाही. डॅबिगॅट्रान मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडते. दीर्घ उपवासात शरीरातील पाणी घटले तर ते साठून राहू शकते.

पूरक गोळ्यांचा मोह

‘हृदयासाठी नैसर्गिक’ असे लिहिलेल्या बाटल्या आज सर्वत्र दिसतात. त्यांपैकी कोणतीही गोळी गुठळीपासून वाचवते, हे सिद्ध झालेले नाही. ओमेगा-३ कॅप्सूल बहुधा माशाच्या तेलाची व जिलेटिनच्या आवरणाची असते; म्हणजे अहिंसेच्या दृष्टीने ती आधीच वर्ज्य. शिवाय २०१८ व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत रोज ४ ग्रॅम मात्रा घेणाऱ्यांत ए.एफ.चे प्रमाण वाढलेले आढळले. जवस आणि अक्रोड हे आपल्या स्वयंपाकघरातील पदार्थ आहारात जरूर असावेत.

मॅग्नेशियम व पोटॅशियमची गोळी मूत्रपिंड दुर्बल असलेल्यांना घातक ठरू शकते. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून मिळणाऱ्या मिठातही पोटॅशियम असते, हे ध्यानात ठेवावे. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल व ‘ई’ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा यांनी रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते. स्वयंपाकातील चिमूटभर हळदीला भिण्याचे कारण नाही. अर्जुनसालीसारखे आयुर्वेदिक औषध चालू असल्यास तेही डॉक्टरांपासून लपवू नये. आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून सहज आणलेली डायक्लोफिनॅक वा आयबुप्रोफेनची गोळी रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत सर्वाधिक धोक्याची असते. शाकाहारी व्यक्तीस तपासणीअंती ‘बी-१२’ लागू शकते. ते अवश्य घ्यावे, पण त्याने ताल सुधारेल अशी अपेक्षा ठेवू नये.

आहार: ऊनोदरी आणि रसपरित्याग

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ए.एफ. असलेल्या ज्या स्थूल रुग्णांनी १० टक्के वा अधिक वजन घटवून ते टिकवले, त्यांच्यात ताल सुरळीत राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट आढळली. ज्यांचे वजन वारंवार खाली-वर झाले, त्यांचा लाभ मात्र घटला. आठ दिवस निराहार आणि पारण्यानंतर महिनाभर मिष्टान्न, यावर याहून स्पष्ट भाष्य कोणते हवे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे. हिरवी भाजी नसलेल्या दिवसांत पापड, लोणचे, शेव, खाकरा यांचा आधार वाढतो आणि मीठ नकळत दुप्पट होते. त्याऐवजी कमी मिठाची मूग, मटकी, तूर, नाचणी यांनी ताट भरावे.

शास्त्रांनी बारा प्रकारचे तप सांगितले आहे. त्यांत अनशन हे एक. भुकेपेक्षा चार घास कमी खाणे ही ऊनोदरी. तूप, तेल, गोड यांचा त्याग हा रसपरित्याग. आणि स्वाध्याय, वैयावृत्त्य, ध्यान ही आभ्यंतर तपे. ज्यांना दीर्घ अनशन झेपत नाही, त्यांच्यासाठी तपाचे दार बंद झालेले नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात त्याग आणि तप यांचा उल्लेख शक्तीनुसार, या अटीसहच आला आहे. पच्चक्खाणातही आगार, म्हणजे सवलती, ठेवलेल्या आहेत; समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची सवलत त्यांत आहे. आपल्या व्रतात ती कशी लागू होते, हे गुरुभगवंतांना नम्रपणे विचारावे.

समारोप

चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले, तर घरगुती उपाय न करता सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच उपयोगी पडते, आणि रुग्ण रक्त पातळ करणारे औषध घेतो, हे तेथे पोहोचताच सांगावे लागते. म्हणून औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटची चाचणी लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी.

आणि एक विनंती प्रत्येक कुटुंबाने स्वीकारावी. डॉक्टरांपासून व्रत लपवू नये आणि गुरुभगवंतांपासून आजार लपवू नये. तपस्व्याच्या वरघोड्यात सामील होण्याइतकेच, तपापूर्वी त्याची नाडी पाहणे आणि त्याच्या गोळ्यांची वेळ सांभाळणे हेही वैयावृत्त्यच आहे. हा देह धर्मसाधनेचे साधन आहे. साधन जपले तर साधना दीर्घकाळ घडेल.

प्रतिपादनात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास त्रिविधे त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!