तार तुटेपर्यंत थांबू नये



या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषयांची चर्चा होते. त्या पंक्तीत माझा आजचा विषय काहींना किरकोळ वाटेल. गिटारीच्या तारा किती दिवसांनी बदलाव्यात आणि जुन्या झाल्या म्हणजे त्यांच्या नादाचे काय होते, एवढाच तो आहे. कामगार संघटनेच्या माणसाने वेतनावर बोलावे, ठेकेदारीवर बोलावे. तारांशी त्याचे काय देणेघेणे, असेही कोणी म्हणेल. पण आमच्या चळवळीने तारेचे ऋण घेतलेले आहे. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. डफ-तुणतुण्याच्या साथीने शाहिरांनी गिरणगाव जागा केला. आज मुलुंड-भांडुपच्या गेटसभेला तरुण मुले गिटार घेऊन येतात. वाद्य बदलले, तारेचा संसार तोच राहिला.

गिटार परकी आहे म्हणून कोणी नाक मुरडू नये. अंधेरीच्या मरोळसारख्या जुन्या गावठाणांत ती केव्हाच घरची झाली आहे. १९६७ साली निघालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार पं. शिवकुमार शर्मांच्या संतूरबरोबर आणि पं. हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबर रागसंगीत गायली. तेव्हा तिला आपल्या पंगतीत पाट मिळालेला आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. तार छेडली की ती सबंध लांबीने हलते, हे डोळ्यांना दिसते. पण त्याच वेळी ती दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत अशीही हलत असते. सबंध हलण्याने मूळ स्वर मिळतो आणि भागाभागाने हलण्यातून उपस्वर निघतात. नादाला जी झळाळी असते ती या वरच्या उपस्वरांची. तंबोऱ्याच्या जवारीत हेच उपस्वर फुलतात. १९२१ साली कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांचा अभ्यास करून दाखवले की, तार जिथे छेडावी त्या जागेमुळे जे उपस्वर नियमाने गप्प राहायला हवेत, तेही या वाद्यांत घोडीच्या विशिष्ट घडणीमुळे स्पष्ट बोलतात. म्हणजे आपल्या कारागिरांनी घोडी घासता घासता जे साधले होते, त्याची दखल विज्ञानाला घ्यावी लागली.

तार म्हातारी होते ती प्रथम या उपस्वरांत. गिटारीच्या जाड तारा एकेरी नसतात. पोलादी गाभ्यावर ब्राँझची बारीक तार गुंडाळलेली असते. वाजवणाऱ्याच्या बोटांचा घाम, तेल आणि कातडीचा मळ त्या वेढ्यांच्या फटींत जाऊन बसतो. वेढे मोकळेपणाने हलेनासे होतात आणि वरचे उपस्वर छेडताक्षणी विझतात. मूळ स्वर ऐकू येतो, पण खोलीत घोंगडी अंथरल्यासारखा. बारीक तारा एकेरी पोलादाच्या. त्यांना गंज चढतो आणि त्या बोटाला खरखरीत लागतात. आपल्या मुंबईत तर एका बाजूला समुद्राची खारी हवा आणि चार महिने भिंतींना ओल आणणारा पाऊस. कोरड्या गावी जी तार खुशाल टिकेल, ती इथे लवकर काळवंडते.

दुसरे दुखणे अधिक वाईट, कारण ते नादाला नव्हे, सुराला धरते. मेर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ साली तारेचा कायदा लिहून ठेवला. तारेचा स्वर तिची लांबी, ताण आणि दर लांबीमागे असलेले वजन या तिघांवर ठरतो. नव्या तारेचे वजन टोकापासून टोकापर्यंत सारखे असते. जुनी तार पडद्यांवर दाबून दाबून खालून चेपते, कुठे झिजते, कुठे मळाने जड होते. वजन विषम झाले की हिशेब चुकला. मग मोकळी तार सुरात लावली तरी वरच्या पडद्यांवर ती बेसूर बोलते. खुंट्या कितीही पिळा, उपयोग नाही.

याची परीक्षा घरी करता येते. बाराव्या पडद्यावर तार बरोबर निम्मी होते. तिथे बोट नुसते अलगद टेकवून छेडा, मग त्याच जागी दाबून छेडा. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. तार नवी असताना ते जुळत होते आणि आता जुळत नाहीत, तर तारेचे दिवस भरले असे समजावे. शिवाय तारेच्या खालून बोट फिरवून पाहावे. पडद्यांच्या जागी खाचा लागल्या तर दुसरा पुरावा मिळाला.

तुम्ही म्हणाल, तुणतुण्याची तार वर्षानुवर्षे कशी चालते? तुणतुण्याला पडदे नाहीत. तार दाबली जात नाही, तिच्याकडून एकच मोकळा स्वर हवा असतो. ज्याच्याकडून जितके काम घ्यावे तितकी त्याची झीज, हा न्याय माणसाला लागू आहे तसा तारेलाही आहे. तंबोऱ्यालाही पडदे नाहीत, पण तिथे तार घोडीला घासून तीत चरे पाडते, म्हणून जवारी पुन्हा काढावी लागते. ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या कारागिराकडे तंबोरा नेला तर तो तारेबरोबर घोडीही पाहील. झीज एका जागी राहत नाही, ती शेजारी पोचते.

जुना नाद नेहमीच वाईट असतो असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत डेट्रॉईट या मोटार कारखान्यांच्या शहरात मोटाऊन नावाच्या ध्वनिमुद्रण कंपनीत जेम्स जेमर्सन हा बास गिटार वाजवी. १९६० च्या दशकातली त्या कंपनीची कितीतरी गाजलेली गाणी त्याच्या बोटांवर उभी आहेत. तार तुटल्याशिवाय तो बदलत नसे, अशी त्याची ख्याती होती. त्याला तो जाड, मऊ, गुबगुबीत नादच हवा होता. पण तो त्याने निवडला होता. निवड आणि नाइलाज यांतले अंतर आम्हा संघटनेच्या लोकांना चांगले ठाऊक आहे. उपास करणारा आणि उपाशी राहणारा यांचे पोट सारखेच रिकामे असते, तरी दोघांना एका मापाने मोजता येत नाही.

आमच्या कलापथकात भांडुपच्या एका कंत्राटी कामगाराचा मुलगा येई. गिटार कोणीतरी वापरून टाकलेली, तारा किती वर्षांच्या ते देवाला ठाऊक. मुलगा मन लावून शिके, पण वरच्या पडद्यांवर गेला की सूर घसरे. ‘तुला कान नाही’ असे त्याला दोन-तीन जणांनी सांगून टाकले होते, आणि त्याचाही तसाच समज झाला होता. त्याला नव्या तारा बसवून दिल्या. त्याने तेच गाणे वाजवले आणि सूर जागेवर आले. तो काही एका रात्रीत उस्ताद झाला नाही. पण आपला कान शाबूत आहे, खोट लोखंडात होती, एवढे त्याला समजले. हे समजणे लहान नव्हे.

कारखान्यात असेच घडते. लेथवरचे टूल बोथट झाले की माल खरबरीत निघतो आणि रिजेक्शन लागते ते कामगाराच्या नावावर. टूल तुटलेले नसते, म्हणून ते ठीकच आहे असे धरले जाते. हत्यार मोडण्याच्या पुष्कळ आधी निकामी झालेले असते. ते ज्याच्या हाती असते त्याला दोष लागतो आणि ते बदलण्याचा अधिकार दुसऱ्याकडे असतो. गरिबाचे मूल जुन्या तारांवर शिकते तेव्हा त्याचे नुसते गाणे बिघडत नाही. चुकीच्या सुराला कान सरावतो आणि स्वतःवरचा विश्वास जातो.

मग तारा बदलाव्यात केव्हा? रोज तीन-चार तास वाजवणाऱ्याने दोन ते चार आठवड्यांत. रोज तासभर वाजवणाऱ्याने दोन-तीन महिन्यांत. सणावाराला वाजवणाऱ्यानेही वर्षातून दोनदा. कार्यक्रम असेल तर आदल्या दिवशी बदलाव्यात, कारण नवी तार ताणली जाऊन उतरत राहते. तिला हलके ओढून पुन्हा पुन्हा सुरात लावावे लागते. नायलॉनच्या तारा असतील तर गुंडाळलेल्या तीन आधी मरतात, बारीक तीन जास्त चालतात. १९९० च्या दशकापासून पातळ लेप दिलेल्या ताराही मिळतात. त्या महाग, पण घामट हाताला आणि दमट हवेला परवडतात. काही जण जुन्या तारा पाण्यात उकळून मळ काढतात. चार दिवस बरे वाटते, पण चेपलेली तार उकळून सरळ होत नाही. सर्वांत स्वस्त उपाय असा की, वाजवण्याआधी हात धुवावेत आणि वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने प्रत्येक तार पुसावी.

शेवटी एक सूचना करतो. साधा संच काही शे रुपयांत मिळतो. ज्या शाळेत, वाचनालयात, मंडळात किंवा संघटनेत मुलांच्या हाती वाद्य दिले जाते, तिने वार्षिक खर्चात तारांची एक ओळ ठेवावी. तार तुटल्यावर वर्गणी काढू, असे म्हणू नये. आणि दिवसही आयताच आहे. खंडेनवमीला आपल्या उपनगरांतल्या कारखान्यांत आणि गॅरेजांत कामगार यंत्राला हार घालतो, हत्याराला हळदकुंकू लावतो. तोवर पाऊस ओसरत आलेला असतो आणि ओलीने तारांचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. त्या दिवशी वाद्याच्या जुन्या तारा उतरवून नव्या चढवाव्यात. यंत्राला नुसता हार घालून तेल न देणारी पूजा मी पुष्कळ पाहिली आहे. वाद्याची पूजा मात्र अशी करावी की दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, शिकणाऱ्या पोराला आपला सूर खरा ऐकू यावा.