भरतीच्या वेळचे श्रुतलेखन



ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमतो, ते गुरुजी दर शनिवारी श्रुतलेखन घेत. त्यांचा एक दंडक होता : शब्द ऐकू आला नाही, तर जागा कोरी सोडा, अंदाजाने लिहू नका. कोऱ्या जागेचा अर्धा गुण जाई, अंदाजाचा पुरता एक. हा हिशेब मला त्या वयात अन्यायाचा वाटे. तो उमगला सत्तरीनंतर, जामनगरच्या किनाऱ्यावर.

कच्छच्या आखाताचा हा दक्षिण किनारा १९८० साली सागरी अभयारण्य झाला आणि १९८२ साली त्यातील काही भाग राष्ट्रीय उद्यान. याच किनाऱ्याने पश्चिमेला गेले की ओखामंडळ लागते. तो एकेकाळचा गायकवाडी मुलूख. तेथील सागरी जीवसृष्टीवर जेम्स हॉर्नेल यांनी बडोदे सरकारसाठी केलेल्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली निघाला. तेव्हा समुद्रापासून दूर असलेल्या आम्हा बडोदेकरांचे या चिखलाशी नाते अगदीच नवे नाही.

हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे चिखल्या, टिलवे, तुतवार ओहोटीच्या वेळी मैलोगणती पसरलेल्या चिखलावर विखुरतात. तेव्हा त्यांची मोजदाद करणे व्यर्थ. भरती चढू लागली की चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी उरल्यासुरल्या उंचवट्यांवर, मिठागरांच्या बांधांवर दाटीने उभे राहतात. मोजायचे ते तेव्हा. पाणी पुन्हा ओसरू लागले की सभा विसर्जित! (तुतवाराला गुजरातीतही तुतवारीच म्हणतात; भाषेच्या माणसाला एवढ्यानेही बरे वाटते.)

आमच्या तुकडीची प्रमुख या शाळेचीच माजी विद्यार्थिनी होती. ती दुर्बिणीतून पाहून आकडे सांगे आणि मी लिहून घेई. म्हणजे पुन्हा श्रुतलेखनच. मोठा थवा एकेक करून मोजत नाहीत. आधी दहा पक्षी मोजायचे, ते किती जागा व्यापतात हे डोळ्यांत ठसवायचे आणि त्या मापाने थव्यावरून नजर सरकवत न्यायची. नाव ठरविणे त्याहून अवघड. हिवाळ्यात सारेच मातकट दिसतात. केंटिश चिखल्याच्या मानेमागे पांढरा पट्टा असतो, वाळूचिखल्याच्या नसतो. पक्षी आपल्याकडे तोंड करून उभा राहिला की हा भेदही संपतो. कालवे फोडणारा शंखखोर किंवा जाड चोचीचा, काळा-पांढरा खेकडाखाऊ मात्र माझ्यासारख्यालाही ओळखता येई. हा खेकडाखाऊ आखाती देशांच्या किनाऱ्यांवर वाळूत बीळ खणून त्यात अंडे घालतो, हे ऐकून मी थक्क झालो.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या थव्याची मोजणी अर्ध्यावर आली असता एका शिकारी पक्ष्याची सावली पडली आणि सारा थवा उडाला. रात्री प्रती नीट करताना ती अपुरी ओळ मला सलू लागली. निम्म्याची दुप्पट करून मी आकडा भरला.

सकाळी कागद चाळताना तिचे बोट त्या ओळीवर थांबले. "सर, हा आकडा कुणी पाहिला?"

मी म्हणालो, "साधारण तेवढेच असतील."

"असतीलही," ती म्हणाली. "पण पुढच्या वर्षी कुणी खरे मोजून याच्या निम्मे लिहिले, तर पक्षी घटले असे ठरेल. आणि खरोखर घटत असतील, तर आपला हा आकडा ते झाकून टाकेल." मग तिने समजावून सांगितले, की एखाद्या पाणथळीचे आंतरराष्ट्रीय महत्त्व ठरविताना रामसर कराराच्या कसोट्यांत एक कसोटी अशी आहे : एखाद्या जातीच्या तेथील समूहाचा एक टक्का हिस्सा त्या जागी नियमाने येतो का? जवळच्याच खिजडिया अभयारण्याला रामसरचा दर्जा मिळाल्याचे २०२२ साली जाहीर झाले होते. तेव्हा एक टक्का ठरवायला दोन्ही आकडे खरे हवेत.

मला दुसरेच आठवत होते. माझा प्रबंध हस्तलिखितांच्या पाठभेदांवर होता. मूळ पोथीत कसरीने खाल्लेली जागा स्वतःच्या शब्दांनी भरणाऱ्या लेखकूंना मी त्यात किती ठिकाणी झोडपले आहे, याची मोजदाद मी केलेली नाही. त्या लेखकूंचा हेतूही माझ्याइतकाच चांगला असणार.

मी आकड्यावर काट मारली, शेजारी सही केली आणि आधी मोजलेले निम्मे पक्षी तेवढे ठेवून पुढे लिहिले : 'थवा उडाला, मोजणी अपूर्ण.' तिने तो कागद तसाच गठ्ठ्यात लावला. भरतीला अजून दीड तास होता, आणि आम्हांला पुढच्या बांधापर्यंत चालत जायचे होते.