चौथं वर्ष वाया जातं का?

बोलतोय नाशिकच्या अंबडमधून. मागे एमआयडीसीतल्या ट्रकचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या.

आजचा विषय घरचाच. माझी धाकटी बहीण समाजशास्त्रात बीए करतेय, शेवटचं सेमिस्टर. परवा जेवताना म्हणाली, "दादा, मला चौथं वर्ष करायचंय. रिसर्चचं."

पप्पा म्हणाले, "तीन वर्षांत डिग्री मिळते ना? मग एक वर्ष वाया कशाला?" मी पडलो बीटेकवाला. मीही पप्पांचीच री ओढली. ती ताटावरून उठून गेली.

रात्री काही झोप येईना. मग यूजीसीचा २०२२ चा आराखडा उघडला. हिशोब असा आहे: तीन वर्षांची पदवी म्हणजे १२० क्रेडिट, चार वर्षांची ऑनर्स म्हणजे १६०. तीन वर्षांनंतर एमए दोन वर्षांचं, चार वर्षांनंतर एकाच वर्षाचं. तीन अधिक दोन पाच, चार अधिक एक पण पाचच! एमए करायचंच असेल, तर वाया काय गेलं?

अट मात्र आहे. रिसर्चसाठी पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात. मग १२ क्रेडिटचा प्रबंध करायचा. मार्क कमी असतील तर साधं ऑनर्स होतं, प्रबंधाऐवजी पेपर. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के पडले, तर एमए न करताही नेट देता येते. जेआरएफ मिळाली तर सुरुवातीला महिना ३७ हजार.

पण सगळ्यांनी करावं असं नाही हं. एमपीएससी द्यायची असेल तर तीन वर्षांची पदवी पुरते. आणि प्रत्येक कॉलेजात हे वर्ष नसतं. पीएच.डी.चे मान्यताप्राप्त गाईड आहेत का, ते आधी विचारा.

सकाळी पप्पांना हे सगळं सांगितलं. तरी ते म्हणाले, "आणि रिसर्च कशावर?"

ती म्हणाली, "अंबडच्या कंपन्यांतल्या कंत्राटी बायकांवर. पप्पा, तुम्ही २२ वर्षं कंपनीत काढली. तुमच्या लाईनवर पॅकिंगला मावशी होत्या ना, त्यांचं नाव काय होतं?"

पप्पांना आठवेना. चहा गार झाला. मग हळूच म्हणाले, "विचारून ये. मलाही सांग."

फॉर्म भरलाय. पहिली फी माझ्याकडून.

तुमच्या घरी असा वाद झालाय का? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!